मॉड्यूलला बेल ऐकूच येत नसेल तर?

प्रश्न : नमस्कार सर. मी साताऱ्यात प्राथमिक शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी अलेसिस कंपनीचं नायट्रो मेश हे इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेतलं. रात्री वह्या तपासून झाल्या की हेडफोन लावून वाजवते आणि महिन्यातून एकदा आमच्या जुन्या गाण्यांच्या ग्रुपला साथ करते. आता एक दुसरा क्रॅश (जोरदार ठोक्याचं सिंबल, म्हणजे झांज) हवाय आणि राईडवर (ताल धरायच्या सिंबलवर) बेलचा, म्हणजे मधल्या उंचवट्याचा आवाज हवाय. दुकानदार म्हणतात, १६ इंची, तीन झोनचा (मध्य, कड आणि बेल असे वेगळे आवाज देणारा) राईड पॅड घ्या. माझं बजेट ६,००० रुपये आहे, त्यात तो बसत नाही. थोडे महिने थांबून, पैसे साठवून तोच घेऊ का?

उत्तर : ताई, नका घेऊ. पॅड चांगलाच असेल, पण तुमच्या मॉड्यूलला (पॅड जोडलेल्या, आवाज काढणाऱ्या पेटीला) त्याचा उपयोग नाही.

सिंबल पॅडला स्वतःचा आवाज नसतो. रबराखाली पिझोची पितळी चकती चिकटवलेली असते, तिला स्टिकचा धक्का बसला की बारीकशी वीज निघते आणि ती बघून मॉड्यूल आवाज सोडतं. चोकवाल्या (कड धरून आवाज तोडता येणाऱ्या) पॅडच्या कडेखाली पट्टीसारखा स्विच असतो. कड चिमटीत धरली की तो मिटतो आणि आवाज तुटतो. तीन झोनच्या पॅडला बेलसाठी आणखी एक सेन्सर असतो, पण तो ओळखण्याची सोय मॉड्यूलमध्ये लागते. रोलंडच्या सीवाय-१३आर या राईडला बेलसाठी वेगळी वायर लागते. यामाहाचे तीन झोनचे पॅड हेच काम एका स्टिरिओ वायरवर भागवतात. त्यामुळे एका कंपनीचा पॅड दुसरीच्या मॉड्यूलला लावला की बहुतेक वेळा बेलच हरवते. तुमच्या नायट्रोचा राईड इनपुट तर एकाच झोनचा आहे. मध्ये मारा, कडेला मारा, नाहीतर बेलवर मारा, एकच टिंग ऐकू येणार.

पण तुमच्या मॉड्यूलला दोन जॅक मोकळे आहेत, क्रॅश २ आणि टॉम ४ (टॉम म्हणजे छोटा ड्रम). तुमचं काम तिथेच होतं.

मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडवर, म्हणजे आठ पॅडच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाढलो. रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ सालचा, पॅड-८. तेव्हापासून त्या आठ चौकोनांत क्रॅश एका चौकोनावर, राईड दुसऱ्यावर आणि बेल तिसऱ्यावर लावून घ्यायची आम्हाला सवयच आहे. बेल राईडच्या पोटातच असली पाहिजे असं आमच्या हाताला कधी वाटलंच नाही. तुम्हीही तेच करा. टॉम ४ ला एक छोटा, साधा, एका झोनचा पॅड लावा, त्याला मॉड्यूलमधला राईड बेलचा आवाज द्या आणि तो राईडच्या जरा वर, उजव्या हाताला सहज पोचेल असा बसवा. नायट्रोत २४ किट (आवाजांचे संच) कंपनीची आणि १६ आपण भरायची असतात, त्यांतल्या एका मोकळ्या किटमध्ये हे सेव्ह करून ठेवा. पहिल्या आठवड्यात हात चुकेल, मग बसतो. छोट्या पॅडवर बेलचा ठोका राईडवरल्यापेक्षा नेमका पडतो, हा माझा अनुभव आहे.

तेव्हा बजेटचा मोठा हिस्सा क्रॅशवर घाला. १२ इंची घ्या, चोकवाला. तुमच्या १० इंचीवर हात घाईत असला की काठी कडेवरून घसरते, १२ इंचीवर जागा मिळते. दुकानात जाण्याआधी घरी एक परीक्षा घ्या. आत्ताच्या क्रॅश पॅडची वायर काढा, त्याच पॅडला वेगळी स्टिरिओ वायर लावा आणि तिचं दुसरं टोक क्रॅश २ मध्ये घाला. आवाज आला आणि कड धरल्यावर तुटला, तर जॅक आणि वायर दोन्ही ठीक आहेत. वायरच्या पिनेवर दोन काळी कडी असली तर स्टिरिओ, एकच असली तर मोनो. मोनोवर क्रॅश वाजेल, पण चोक होणार नाही, आणि मग लोक पॅडलाच नावं ठेवतात. आणखी एक, रॅकच्या (किटच्या स्टँडच्या) पाइपची जाडी फीत लावून मोजून न्या. क्लॅम्प (पॅड पाइपला धरून ठेवणारी पकड) न बसल्यामुळे परत फेरी मारणारे मी फार पाहिलेत.

वापरलेला पॅड स्वस्त मिळतो, पण हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एकदा फोटो बघून घेतला होता. गाणं संपलं, मी कड धरली, आणि गायक थांबला, ढोलकी थांबली तरी क्रॅश वाजतच राहिला. घरी येऊन रबराची कड उचलली तर आतली पट्टी हिरवी पडलेली. हाताचा घाम आणि कोकणातला पावसाळा. तेव्हापासून मी पॅडची कड घड्याळाच्या काट्यासारखी इंचाइंचाने दाबत फिरतो, मग जॅकमध्ये पिन हलवून आवाज खरखरतो का ते बघतो. पिझो मेला असेल तर मात्र घाबरू नका. २७ मिलिमीटरची चकती पुण्यात तापकीर गल्लीत चहाच्या पैशात मिळते आणि दोन टाके सोल्डर केले की पॅड जिवंत होतो. कडेचा स्विच गेला असेल तर सोडून द्या.

बेलचा पॅड आणि राईड एकाच दांड्यावर लावू नका. एकाचा धक्का दुसऱ्याला जातो आणि राईड मारली की बेलही वाजते. वेगळा क्लॅम्प घ्या. तरीही वाजलीच, तर आधी बेलच्या पॅडचा थ्रेशोल्ड (किती धक्क्याला पॅड वाजावा ती मर्यादा) थोडा वाढवा, मग क्रॉसटॉकला (एका पॅडचा धक्का दुसऱ्याला लागू न देणाऱ्या सेटिंगला) हात लावा. दोन्ही एकदम वाढवलीत तर हलका ठोका गिळला जाईल, आणि जुन्या गाण्यांत तोच तर हवा असतो.

प्रश्न : सिंबल पॅड वाढवले तर खालच्या मजल्यावर त्रास वाढेल का? (डोंबिवली)

उत्तर : सिंबलने नाही वाढणार. रबरावरची टकटक तुमच्याच खोलीत राहते. खाली जाते ती किक पेडलची (पायाने वाजवायच्या ड्रमच्या पेडलची) धडधड, फरशीतून. किकखाली जाड फोम, त्यावर प्लायवूडचा तुकडा आणि वर सतरंजी असं घाला. मग खाली जाऊन शेजाऱ्यांच्या घरात बसा आणि घरच्या कुणाला तरी पेडल मारायला सांगा. वर बसून ते कळत नाही.