चहातली साखर सुटली, ग्लासातली राहिली

प्रश्न : ताई, माझं वय 41, वजन 74 किलो. तीन महिन्यांपूर्वी मी चहातली साखर बंद केली. रोजचे दोन कप, दोन-दोन चमचे. बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम, सगळं सोडलं. पहिल्या दोन आठवड्यांत दोन किलो उतरले आणि मग काटा हललाच नाही. खाण्याची डायरी सोबत जोडते आहे. सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि दोन चमचे मध, नाश्त्याला ग्रॅनोला आणि फळांचं योगर्ट, अकराला संत्र्याचा ताजा रस, दुपारी फक्त सॅलड, चारला चार खजूर, रात्री साधं जेवण. मोबाइलवरचं अ‍ॅप साखरेचा आकडा रोज लाल दाखवतं, म्हणून केळी आणि सफरचंदही बंद केली. मागच्या आठवड्यात मुलीच्या वाढदिवसाला केकचा एक तुकडा खाल्ला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. माझं चुकतंय कुठे?

उत्तर : तुमची डायरी मी दोनदा वाचली. तीन महिन्यांत एकही दिवस सुटलेला नाही, ग्रॅनोला किती ग्रॅम तेसुद्धा लिहिलंय. एवढ्या निष्ठेने करणाऱ्या माणसाला रात्रभर जागायला लागावं, याचं मला फार वाईट वाटलं. त्या केकने काहीही बिघडलेलं नाही. त्याच्याकडे येतेच, पण आधी तुमचा अकराचा ग्लास बघू.

काल सकाळी तो मी माझ्या ओट्यावर करून पाहिला. अडीचशे मिली रस निघायला तीन संत्री लागली. गाळणीत चोथ्याचा ओला गोळा उरला, तो कचऱ्यात गेला. रस प्यायला मला मिनिटभरही लागलं नाही आणि पोटाला त्याची खबरही नव्हती. आज सकाळी तशीच तीन संत्री सोलून खायला बसले. दुसरं संपता संपताच पुरे वाटलं, तिसरं तसंच ठेवलंय. त्या ग्लासात साखर साधारण 20 ते 22 ग्रॅम, म्हणजे पाच चमचे. वरून एक कणही न घालता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेबद्दल जी मर्यादा सांगितली, ती ‘मुक्त शर्करे’ची आहे. आपण किंवा कारखान्याने घातलेली साखर तर त्यात येतेच, पण मध, सिरप आणि फळांचा रससुद्धा येतो. अख्ख्या फळातली आणि दुधातली नैसर्गिक साखर त्यात धरत नाहीत. दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी ठेवा, जमल्यास 5 टक्क्यांच्या खाली आणा, असं ती संघटना सांगते. 2000 कॅलरी खाणाऱ्यासाठी 10 टक्के म्हणजे 50 ग्रॅम. तुम्ही 1500 कॅलरींचं लक्ष्य ठेवलंय, तेव्हा तुमची मर्यादा साधारण 37 ग्रॅमवर येते. जेवण कमी केलं की साखरेची वाटणीही कमी होते, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

आता तुमच्याच एका मंगळवारची बेरीज करते. दोन चमचे मधातून 11 ग्रॅम. ग्रॅनोल्यातून 10, कारण पाकिटावरच्या घटकांच्या यादीत ओट्सनंतर लगेच मध आणि ग्लुकोज सिरप आहे, आणि ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. योगर्टच्या कपावर एकूण साखर 15 ग्रॅम लिहिलीय. त्यातले सहाएक दुधाचे, उरलेले नऊ वरून घातलेले. रसाचे 22. झाले 52. चहातून तुम्ही काढलेत 16.

आणि ज्या केळ्याला तुम्ही हद्दपार केलंत, त्यात 14 ग्रॅम साखर असते, पण सोबत तंतू असतात आणि ते चावून खावं लागतं. तुमचं अ‍ॅप एकूण साखर मोजतं. दूध, केळं, सरबत सगळं त्याला एकच. म्हणून तो आकडा रोज लाल. तो बघणं आजपासून सोडा. पाकिटावर ‘अ‍ॅडेड शुगर’ वेगळी छापली असेल तर तेवढीच बघा. केळी आणि सफरचंद कृपा करून परत आणा.

खजुराबद्दल थोडं वेगळं सांगते. ते अख्खं फळ आहे, त्यामुळे मुक्त शर्करेच्या हिशोबात धरत नाहीत. पण त्यातलं पाणी गेलेलं असतं, वजनाच्या निम्म्याहून बरीच जास्त साखरच असते. चार छोट्या खजुरांत साधारण 20 ग्रॅम. दोन खा, सोबत पाच-सहा बदाम. मूठभर मात्र नकोत, 30 ग्रॅम बदामांतच 170 च्या वर कॅलरी असतात.

मधाचं मला जरा ठासून सांगायचंय, कारण दर महिन्याला निम्म्या पत्रांत तो असतो. मधात 80 टक्क्यांच्या आसपास साखर असते. चव छान, वास छान. पण मधाने चरबी वितळत नाही. साखरेचा चमचा भरला तर साधारण 4 ग्रॅम भरतात, मध घट्ट असल्यामुळे त्याच चमच्यात 7 ग्रॅम मावतो. म्हणजे चमच्याला चमचा धरला तर मधाच्या कॅलरी साखरेहून जास्तच होतात. ब्राउन शुगरही शेवटी साखरच.

पहिल्या दोन आठवड्यांतले दोन किलो हे बरंचसं पाणी होतं. खाणं कमी केलं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, खर्च होतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. ते गेलं की काटा झपकन उतरतो आणि मग थबकतो. इथेच माणसं खचतात. तुम्ही खचू नका.

बदल एवढेच करा. लिंबूपाणी बिनमधाचं. रसाऐवजी एक संत्रं सोलून. योगर्ट साधं घ्या आणि त्यात फळ चिरून टाका. ग्रॅनोल्याऐवजी 40 ग्रॅम साधे ओट्स, वर केळं. केळं धरूनही दिवसाला साधारण दीडशे कॅलरी वाचतील. किलोभर चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. म्हणजे कागदावर दीड-दोन महिन्यांत किलो, प्रत्यक्षात थोडं मागेपुढे. वेग कमी वाटेल, पण याहून घाई मला तुमच्यासाठी नकोय.

संध्याकाळी सातला ‘काहीतरी गोड हवंच’ असं डायरीत 19 वेळा आलंय. ती मला गोडाची ओढ वाटत नाही, भूक वाटते. दुपारी काकडी, टोमॅटो आणि लेट्यूसवर सहा तास कोण काढेल? त्यात एक वाटी उकडलेली कडधान्यं घाला, किंवा दोन अंडी, मासे, चिकन, जे तुम्ही खात असाल ते. पंधरा दिवस करून पाहा आणि सातची नोंद चालू ठेवा.

आता केक. एका तुकड्याच्या साडेतीनशेच्या आसपास कॅलरी झाल्या असतील. महिन्यातून एकदा तेवढ्याने काटा अडत नाही. रोजच्या 52 ग्रॅमनी अडतो. पुढच्या वाढदिवसाला मुलीच्या शेजारी बसून खा, आणि रात्री डायरीत ‘केक, एक तुकडा’ एवढंच लिहून झोपा.

प्रश्न : मॅडम, मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. वजन कमी करण्यासाठी साखरेऐवजी ‘शुगर फ्री’ गोळ्या आणि बिस्किटं चालतील का? उद्यापासून भातही बंद करणार आहे.

उत्तर : उद्यापासून नको. आधी डॉक्टरांना फोन करा. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भातासारखे पिष्टमय पदार्थ एकदम तोडले तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस आणि जेवण दोन्ही एकत्र बदलावं लागतं, आणि डोस ठरवणं त्यांचं काम.

‘शुगर फ्री’ गोळ्यांबद्दल : वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा वापर करू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सुचवलंय. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना मात्र ती सूचना लागू नाही. तेव्हा चहात एखादी गोळी टाकत असाल तर माझी हरकत नाही. हळूहळू दोनाची एक, एकाची अर्धी करत गेलात तर काही आठवड्यांत जीभ सरावते. बिस्किटं मात्र नको. साखर काढली तरी मैदा आणि तूप-तेल तिथेच असतं.

आणि खिशात ग्लुकोजची पुडी कायम ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी रक्त तपासा, साखर 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. घरच्यांनाही आजच हे दाखवून ठेवा.