टॉवर बघण्याआधी पडवी मोज

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात मुंबईला जाऊन उंच इमारती बघायच्या म्हणतेस, आणि तुझ्या आईने उन्हाची धास्ती घेतली आहे. मी तिला म्हटलं, जाऊ दे. आर्किटेक्चरला जायचं तर इमारत उन्हाळ्यातच बघावी. कोणती स्वतःच्या बांधणीवर गार राहते आणि कोणती नुसती एसीच्या जिवावर, ते याच दिवसांत कळतं.

निघण्याआधी मात्र एक काम कर. टेप घे आणि तुमच्या घराची पडवी मोज. रुंदी किती, वळचण जमिनीपासून किती उंचीवर, दुपारी चार वाजता ऊन ओटीवर कुठवर येतं. सगळं वहीत लिही. ती वही घेऊन पेडर रोडला ‘कांचनजंगा’समोर उभी राहा. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची ही इमारत १९८३ साली पूर्ण झाली. पाया २१ मीटर बाजूचा चौरस, उंची ८४ मीटर. मुंबईला समुद्र पश्चिमेला. वारा तिकडून, देखावा तिकडचा. आणि दुपारचं तिरपं ऊन, पावसाचा मारा तोही तिकडूनच. खिडकी उघडावी तर ऊन, मिटावी तर घुसमट. कोरियांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा घेतला आणि इमारतीच्या कोपऱ्यांत, दोन-दोन मजले उंच, आत कोरून बसवला. खालून बघशील तेव्हा कोपऱ्यांचे घास काढल्यासारखे दिसतील. ती पडवीच आहे, बाय. आपल्याकडे जमिनीला टेकलेली असते, तिथे आभाळात टांगली आहे.

राजाबाई टॉवर १८७८ चा, उंची ८५ मीटर. म्हणजे कांचनजंगाएवढाच, तोही दगडात, शंभर वर्षं आधी. तोही बघ. आणि लोअर परळला वर्ल्ड वन, २८० मीटर. जमीन श्रीनिवास मिलची. तुझे आजोबा याच भागातल्या एका गिरणीत मागावर होते, १९८२ च्या संपानंतर गावी परतले ते कायमचे. मान वर करून तो टॉवर बघायला काहीच हरकत नाही, तो बघण्यासारखाच आहे. पण आजूबाजूला एखादी गिरणीची चिमणी अजून उभी दिसेल, तीही वहीत काढून घे. आजोबांना दाखव.

आता उन्हाचं. मुंबईचा आकडा चौतीसच्या आसपास असतो, म्हणून माणूस फसतो. हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. पंधरा मेच्या आसपास मुंबईत सूर्य थेट डोक्यावर येतो (आपल्या रत्नागिरीत त्याच्या आठवडाभर आधी). साडेबाराच्या सुमाराला एवढा मोठा टॉवर, पण टेकायला सावली मिळत नाही, सगळी त्याच्या पायाशी गोळा झालेली असते. खारे वारे सुटायला उशीर झाला तर त्या दिवशी शहर आणखी तापतं.

मी साइटवर बत्तीस वर्षं काढली. एकदा असाच मे, भर दुपारी मान वर करून चौदाव्या मजल्याचं शटरिंग बघत होतो. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मळमळलं, गुडघे गेले, डोळ्यांपुढे अंधारी. बिगारी पोरांनी ओढून सावलीत नेलं, ओलं फडकं मानेवर ठेवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. त्या पोरांमुळे मी वाचलो. म्हणून सांगतो, रात्रीच्या गाडीने सकाळी दादरला उतरशील, तर अकरापर्यंत हिंड. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शीर. कुर्ल्याचा काळा दगड, मालाडचा पिवळसर दगड, जाड भिंती. आत पाऊल टाकताच फरक कातडीला कळेल. चारनंतर बाहेर पड. वरळी सी फेसवरून मावळतीचं ऊन काचेच्या इमारतींवर पडताना बघ आणि मोज, किती घरांचे पडदे ओढलेले आहेत. कोकमचं आगळ (मीठ घातलेला दाट रस) पाण्यात मिसळून बाटलीत भरून ने.

काम चालू असलेली साइट दिसली तर फाटकाबाहेरून का होईना, थांब. उन्हाळ्यात मोठा राफ्ट, म्हणजे इमारतीखालचा काँक्रीटचा सलग पाया, आम्ही रात्री भरायचो. सिमेंट पाण्याशी मिळालं की आपणहून तापतं, त्यात खडी दिवसभर उन्हात भाजलेली. आतला माल (काँक्रीट) तापलेला आणि वरचा निवलेला, की तडे जातात. म्हणून काँक्रीट कालवायच्या प्लांटवर थोड्या पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा घालायचे. रात्री दोनला गाडीतून माल उतरला की त्यात थर्मामीटर खुपसायचा. मी हातमोजा घातलेली मूठ जवळ न्यायचो, तर मालाचा गारवा जाणवायचा. सकाळी त्यावर भिजवलेलं गोणपाट, आणि ते वाळू द्यायचं नाही म्हणून पाइप घेऊन दिवसभर एक माणूस उभा. एवढ्या उंच इमारतीचं बाळंतपण असं असतं. बाहेरून हे कोणाला दिसत नाही, तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

दादरला पोचलीस की फोन कर. मीही माझ्या पडवीचं माप घेऊन ठेवतो. आलीस की तुझी, माझी आणि कोरियांची, तिन्ही शेजारी शेजारी कागदावर मांडू.

तुझे काका