गेमचं संगीत नुसतं ऐकायचंय? मग हे वाच

भावा, जो गेम अजून संपवला नाहीस, त्याचा अल्बम लावू नकोस. ट्रॅकच्या नावांतच कधी कधी शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात तगडा शत्रू, कोण ते कळतं. झाली मजा.

दुसरं म्हणजे, 'खेळताना भारी वाटलं, इथं पातळ का वाटतंय?' असं तुला होणारच. गेममध्ये संगीत तुझ्या हालचालीवर बदलतं. शत्रू दिसला की ढोल चढतात, लपलास की नुसता बेस उरतो. 'रेड डेड रिडेम्प्शन'चं (२०१०) बरंचसं संगीत मुद्दाम एकाच पट्टीत, मिनिटाला १३० ठोक्यांच्या लयीत केलं, म्हणजे वाद्यांचा कुठलाही थर कुठल्याही थरावर बसतो. अल्बममध्ये त्यातली एकच जुळणी पक्की करून मिळते. काही अल्बम तर तोच तुकडा दोनदा वाजवून आवाज बारीक करत नेतात. असले खुशाल पुढं ढकल.

सुरुवात 'जर्नी'पासून कर. २०१२ चा गेम, संगीत ऑस्टिन विंटोरीचं. साउंडट्रॅकच्या विभागात ग्रॅमी नामांकन मिळालेलं गेमचं हे पहिलं संगीत. पहिल्याच ट्रॅकला चेलोवर एक धून येते. ती पुढं कुठं कुठं डोकावते बघ. शफल बंद ठेव, नाहीतर सगळा क्रमच मोडतो.

आणि हे संध्याकाळी रंकाळ्यावर, भेळेच्या गाड्यांच्या कालव्यात लावू नकोस. हळू जागा कानापर्यंत पोचतच नाहीत. पहाटेच्या फेरीला लाव. लढाईचे ट्रॅक तालमीत चालतील, तिथं लई जोर येतो. गाडीवर मात्र हेडफोन नकोच.