मिनिमलिस्ट म्हणजे अल्पाक्षरी का?

आमच्या नाशिकच्या नाटकाच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने विचारलंय, की २०२३ चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या नॉर्वेच्या युन फोस्से या नाटककार-कादंबरीकारावर ती छोटा परिचय लिहितेय, त्याला सगळीकडे मिनिमलिस्ट, म्हणजे कमीत कमी साधनांत लिहिणारा, म्हणतात, तर मराठीत 'अल्पाक्षरी' लिहिलं तर चालेल का.

माझं मत, नको. (आणि हो, पहिलं नाव 'जॉन' लिहू नकोस, उच्चार 'युन'च्या जवळ जातो.)

अल्पाक्षरी शब्द छानच आहे, पण त्याच्यामागे एक जुना श्लोक उभा आहे, सूत्र कशाला म्हणायचं ते सांगणारा, 'अल्पाक्षरमसंदिग्धं' अशी सुरुवात. म्हणजे अक्षरं कमी आणि लगेच पुढची अट, संदिग्ध नको. आता फोस्सेचं नाटक घे. एक पुरुष आणि एक बाई समुद्राकाठचं जुनं घर विकत घेतात, आता आपण दोघंच, एकटे, एकत्र, हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहतात, आणि म्हणता म्हणताच तिला वाटायला लागतं की कुणीतरी येणार. येतंही. ते का घाबरलेत हे कुणी शेवटपर्यंत फोडून सांगत नाही, सगळी जान त्या संदिग्धपणातच आहे! सूत्राच्या बरोब्बर उलट.

दुसरं म्हणजे अक्षरं कमी तरी कुठेयत. त्याची 'सेप्टॉलॉजी' सात भागांची कादंबरी आहे, २०१९ ते २०२१ मध्ये तीन खंडांत आली, आणि अख्ख्या कादंबरीत पूर्णविराम नाही. आस्ले नावाचा म्हातारा चित्रकार, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तो आपल्या त्याच चित्रासमोर उभा, एक जांभळी रेघ आणि एक तपकिरी रेघ, मध्यावर एकमेकींना छेदणाऱ्या, आणि तिथून वाक्य जे सुटतं ते आणि, आणि, हो, आणि करत शेकडो पानं चालतं. याला अल्प कसं म्हणणार? कमी आहे तो शब्दांचा साठा. घर, समुद्र, अंधार, होडी, हो, नाही. तेवढेच शब्द फिरून फिरून येतात, जात्यावरच्या ओव्यांत येतात तसे, आणि दर वेळी थोडे जड होऊन येतात.

म्हणून मी 'मिताक्षरी' सुचवेन. मित म्हणजे मोजलेलं. हॉटेलच्या पाटीवरचा अल्पोपहार म्हणजे थोडंसं खाणं, पण मिताहारी माणूस मोजून जेवतो, उपाशी राहत नाही. आणि याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या विज्ञानेश्वरांच्या टीकेचं नावच मिताक्षरा आहे, ती तर मूळ स्मृतीपेक्षा कितीतरी मोठी, म्हणजे मित असून लांब असायला आपल्या भाषेची काही हरकत नाही. फारच संस्कृत वाटलं तर सरळ 'मोजक्या शब्दांचा लेखक' लिही, मला तेही आवडेल.

परिचयात एक गोष्ट मात्र घालच. हा माणूस १९५९ चा, हौगेसुंडला जन्मलेला, आणि तो नीनोर्स्कमध्ये लिहितो, म्हणजे एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या बोलींवरून घडवलेली नॉर्वेजियन, जी आजही तिथे थोडेच लोक लिहितात. बागलाण-मालेगावकडच्या अहिराणी बोलणाऱ्या वाचकाला यातली गोष्ट लगेच कळेल.

आणि पॉज. नोबेलच्या भाषणात त्याने स्वतः सांगितलंय की त्याच्या नाटकांत सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त वापरलेला शब्द पॉज हाच आहे, लांब पॉज, छोटा पॉज, नुसता पॉज. आपण नाशिककर नटसम्राटातली स्वगतं ऐकत वाढलेले, शब्दांनी थिएटर भरायची सवय, त्यामुळे आम्ही त्या घराच्या नाटकातला एक प्रवेश कच्चा मराठीत करून पहिल्यांदा वाचला तेव्हा पॉज सगळे गिळले आणि प्रवेश दहा मिनिटांत संपला, कुणालाच काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा प्रत्येक पॉजला खरंच थांबलो. बाईचं काम करणारी 'हो' म्हणाली, थांबली, परत 'हो' म्हणाली, आणि तो दुसरा हो 'नाही'सारखा ऐकू आला. खोलीत कुणी हललं नाही.

तिथे कंसात 'विराम' लिहायचं की 'पॉज', तर 'पॉज'च ठेव, तालमीत सगळे 'पॉज घे' असंच म्हणतात. वाचायला सुरुवात 'मॉर्निंग अँड इव्हनिंग'पासून कर, लहान आहे, एका कोळ्याचा जन्म आणि मग थेट त्याचा शेवटचा दिवस.