सहा टीम फिरलेला गार्ड सुमारच असतो का?

तुमचा प्रश्न परत एकदा मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागेल. मुलाबरोबर फेब्रुवारी 2020 ची सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगची (NFL) फायनल, पुन्हा बघताना तुम्ही सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सच्या राइट गार्डचं (समोरच्या बचावाला थोपवणाऱ्या पाच लाइनमनपैकी एकाचं), माइक पर्सनचं, नाव शोधलंत आणि सहा टीमची यादी समोर आली. मुलाने विचारलं, "इतक्या ठिकाणांहून काढलेला माणूस फायनलला कसा?" त्यावर तुम्ही लिहिलंय की रेझ्युमेवर नऊ वर्षांत सहा कंपन्या दिसल्या तर आपण फोनसुद्धा करत नाही.

ती तुलना इथे लागू होत नाही. हा माणूस कंपन्या सोडत नव्हता, त्याला हलवलं जात होतं. आणि हलवणाऱ्यांचंही त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. त्यांचं गणितच तसं असतं.

पर्सन माँटानाच्या पूर्व टोकाला असलेल्या ग्लेंडाइव्ह नावाच्या गावचा. वस्ती पाचेक हजार. शिकला बोझमनच्या माँटाना स्टेटमध्ये. 2011 च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधले खेळाडू टीम पाळीपाळीने निवडतात तो) सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत 239 व्या क्रमांकावर त्याला घेतलं ते फोर्टी-नाइनर्सनीच. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या भांडणात लॉकआउट झाला होता, तो जुलैच्या शेवटी उठला. नवख्या पोरांना एरवी वसंतात शिकायला मिळतं, तो काळ वायाच गेला. आमची टीम त्या सीझनला 13 सामने जिंकली आणि हा बाकावर. पुढच्या वर्षी सुटला. मग इंडियानापोलिस, सीॲटल, आणि 2013 पासून सेंट लुईस रॅम्स.

आता ते गणित. ऑगस्टच्या शेवटी 90 जणांचे 53 करायचे असतात. चार सीझन भरले नसतील तर सोडलेला खेळाडू वेव्हर्सवर जातो. बाकीच्या टीमना एक दिवस मिळतो. कुणी हात वर केला की तो त्यांचा; त्याला काही विचारायचा प्रश्नच येत नाही. शनिवारी एका शहरात सामान आवरलं, सोमवारी दुसऱ्याच शहरात नवं प्लेबुक (चालींची वही) हातात. 2011 मध्ये नवख्याचा किमान पगार वर्षाला 3,75,000 डॉलर होता. ऐकायला भरपूर वाटतो, पण असल्या कराराला हमी नसते. पैसे तेव्हा सीझनमध्ये आठवड्याच्या चेकने येत आणि काढलं की पुढचे चेक बंद. पेन्शनचा हक्क मिळायला तीन सीझन भरावे लागतात. एका सीझनमध्ये किमान तीन सामने टीमच्या पगारावर असलात तर तो सीझन धरला जातो. त्यामुळे या लोकांना एकेका आठवड्याचा हिशेब तोंडपाठ असतो.

खरी मेख पुढे आहे. त्या काळी 53 पैकी 46 जणांनाच सामन्याला उतरवता येई. त्यात लाइनमन बहुतेक वेळा सात, म्हणजे पाच खेळणारे आणि दोन राखीव. पण जागा पाच प्रकारच्या: डावा टॅकल, डावा गार्ड, सेंटर, उजवा गार्ड, उजवा टॅकल. डाव्या बाजूने खेळणाऱ्याला उजवीकडे उभं केलं तर पुढचा पाय बदलतो, वजन टाकायची सवय बदलते. डाव्या हाताने जेवून बघा, तसंच. मग बाकावरच्या दोघांनी पाच जागा सांभाळायच्या कशा? ज्याला तीन जागा येतात त्याला ठेवायचं. पर्सनला येत होत्या. (लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2020 च्या नव्या करारात हे सैल झालं: आठ लाइनमन तयार ठेवले तर 48 जण उतरवता येतात. पर्सनला त्याचा उपयोग झाला नाही.)

म्हणजे अशा खेळाडूंचा बाजार भावापेक्षा गरजेवर चालतो. कुणाचा तरी गुडघा जातो आणि मंगळवारी फोन येतो. मंगळवार हा खेळाडूंच्या सुट्टीचा आणि बाहेरच्यांना ट्रायआउटला बोलावण्याचा वार. आणखी एक गोम सांगतो. चार सीझन झालेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या वेळी यादीत असेल, तर वर्षभराच्या पगारावर त्याचा हक्क लागू शकतो. म्हणून काही टीम पहिला रविवार जाऊ देतात आणि त्यानंतर त्याला सही करायला बोलावतात. घरभाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारातली चलाखी आठवते.

2015 मध्ये त्याला अटलांटात पहिल्यांदा मोठी संधी मिळाली आणि ती सेंटरला. 14 सामने सुरुवातीपासून खेळला. पण शॉटगन नावाच्या मांडणीत क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, पाच यार्ड मागे उभा असतो. सेंटरने दोन पायांमधून, मागे न बघता, चेंडू त्याच्या छातीच्या उंचीवर पोचवायचा, आणि हात वर यायच्या आत समोरचा 136 किलोंचा गडी अंगावर घ्यायचा. पर्सनचे काही स्नॅप (असे मागे दिलेले चेंडू) भलतीकडे गेले. क्वार्टरबॅक मॅट रायनची नजर बचाव वाचण्याऐवजी चेंडू गोळा करण्यात अडकायची. गार्ड चुकला तर टीव्हीवर कळतसुद्धा नाही. सेंटरचा स्नॅप हुकला की सगळं स्टेडियम बघतं. पुढच्या मार्चमध्ये अटलांटाने दुसरा सेंटर, ॲलेक्स मॅक, आणला, पर्सन बाहेर पडला, आणि त्याच सीझनला अटलांटा सुपर बोलला पोचलं. तोवर हा कॅन्सस सिटीत होता आणि त्यानंतर 2017 ला पुन्हा इंडियानापोलिसमध्ये.

यादी वाचताना मात्र एक नाव सुटतं, कारण ते खेळाडूचं नाही. 2015 ला अटलांटाचा हल्ला आखणारा कोच होता काइल शॅनहन. 2017 ला तो फोर्टी-नाइनर्सचा मुख्य कोच झाला. त्याची पद्धत अशी की पाचही लाइनमन एकाच वेळी एकाच बाजूला पळतात. कबड्डीत साखळी धरलेले दोघे मागेपुढे धावले की रेडर मधून निसटतो; इथे पाच जणांचं पहिलं पाऊल जुळावं लागतं. ते पाऊल ज्याला आधीच येतं असा गार्ड मे 2018 मध्ये मोकळा होता. पर्सनने जागा जिंकली, त्या सीझनचे सगळे 16 सामने सुरू केले आणि मार्च 2019 ला तीन वर्षांचा करार मिळवला. म्हणून मी म्हणतो, ती सहा टीमची यादी नुसती काढल्याची नोंद नाही. त्यातल्या एका वर्षी त्याला योग्य माणसाने जवळून पाहिलं होतं, चुकांसकट.

19 जानेवारी 2020 ला पॅकर्सविरुद्धचा, सुपर बोलच्या आधीचा, सामना मी सांता क्लारात, आमच्या स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून बघितला. आम्ही 37-20 जिंकलो. आमच्या क्वार्टरबॅकने, गॅरोपोलोने, आख्ख्या सामन्यात आठच पास टाकले, आणि चेंडू घेऊन पळणारा रहीम मोस्टर्ट 220 यार्ड पळून चार टचडाउन घेऊन आला. मी दुर्बीण चेंडूवरून काढून गार्डवर लावली होती (बायको म्हणाली, एवढे पैसे मोजून तू पाठी बघतोयस). चेंडू सुटला की पर्सन समोरच्याच्या अंगावर न जाता आधी आडवा सरकायचा, समोरच्याला बाजूला पळायला लावायचा आणि त्याच्याच वेगाने त्याला ढकलत न्यायचा. मोस्टर्ट गेला ती भगदाडं अशी पडत होती. टाळ्या वाजायच्या तेव्हा हा अजून कुणाच्या तरी खालून उठत असायचा.

सुपर बोलला समोर कॅन्सस सिटी, त्याची 2016 ची टीम. चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही 20-10 पुढे आणि शेवटी 31-20 ने हरलो. त्यांच्या बचावातल्या ख्रिस जोन्सने आमच्या मधल्या तिघांना शेवटी फार त्रास दिला, उंच हात करून पासही अडवले. पर्सन कमी पडला का? काही चालींत हो. पण जोन्ससमोर कमी पडलेल्यांची रांग मोठी आहे, आणि त्या रात्रीची हार एका गार्डच्या माथी मारणं मला पटत नाही.

दोन महिने उलटले नाहीत तोच, मार्चमध्ये टीमने त्याला सोडलं. करार तीन वर्षांचा होता, झालं एक. वय 31. त्यानंतर तो लीगमध्ये खेळला नाही.

मुलाला ही यादी आवडली असेल तर आणखी एक शोधायला सांगा. त्याच मार्चमध्ये फोर्टी-नाइनर्सनी दुसरा गार्ड आणला, टॉम कॉम्प्टन. वॉशिंग्टन, अटलांटा, शिकागो, मिनेसोटा, न्यू यॉर्क जेट्स अशी वाट तुडवून आलेला. त्यातली वॉशिंग्टनची पहिली दोन वर्षं आणि अटलांटाचं 2016 बघा. दोन्हीकडे हल्ला शॅनहनच आखत होता.