वाचक विचारतात : पियानो घरात आणण्याआधी

प्रश्न : मडगावातल्या एका जुन्या घरातला उभा पियानो आम्हाला ६० हजारांत मिळतो आहे. पॉलिश झकास आहे, सूर मात्र उतरलाय. ‘ट्यूनर बोलावला की झालं’ असं मालक म्हणतात. घ्यावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सूर उतरलाय याचे दोन अर्थ होतात. एक तर बरीच वर्षं ट्यूनिंग झालेलं नाही, नाहीतर केलेलं टिकत नाही. पहिलं असेल तर सौदा बरा. दुसरं असेल तर फुकट मिळाला तरी महाग. आणि हे पॉलिशवरून कळत नाही, पियानो उघडावा लागतो.

वरचं झाकण उचलून आतल्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडवल्या की पुढची फळी हातात येते. पायाकडची फळी तिच्या वरच्या कडेला असलेली स्प्रिंगची पट्टी दाबली की निघते. बॅटरी सोबत न्या आणि आधी सूर लावायच्या खुंट्या बघा. पियानोत साधारण २३० तारा असतात, त्यांचा एकत्रित ताण १८ ते २० टन. तो ताण झेलते लोखंडी चौकट. पण तार सुरात धरून ठेवते ती खुंटी, आणि खुंटी पिनब्लॉक नावाच्या लाकडी ठोकळ्याच्या भोकात केवळ घट्ट बसल्यामुळे टिकून असते. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, हिवाळ्यात आकसतं. पन्नास-साठ वर्षं हा खेळ चालला की भोकं सैल होतात, कधी पिनब्लॉकला चिरा जातात. मग ट्यूनर आज सूर लावून जातो आणि आठवड्याभरात तो घसरतो. खुंट्यांच्या बुडाशी काळसर चिकट डाग दिसले तर कुणीतरी औषध लावून त्या घट्ट करायची खटपट केली आहे असं समजा. चार-पाच सैल खुंट्या जाड खुंट्या घालून बदलता येतात. पन्नास निघाल्या तर विषय संपला.

मोबाईलवर ट्यूनरचं अ‍ॅप उघडून मधल्या सप्तकातली पांढरी सहा (A) वाजवा. आकडा ४४० च्या जवळपास हवा. ४१५ दाखवत असेल तर पांढरी सहा दाबून तुम्ही काळी चार ऐकता आहात. एवढा उतरलेला पियानो एका बैठकीत वर येत नाही. ताण वाढला की चौकट आणि साउंडबोर्ड (तारांमागची घुमणारी लाकडी फळी) थोडे दबतात, आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात, म्हणून किमान दोन फेऱ्या लागतात. तारा गंजलेल्या असतील तर खुंटीपाशी तुटतातही. खर्जाची तांब्याची वेटोळी असलेली तार तुटली तर ती मापानं करून घ्यावी लागते.

तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या पुढे उभ्या सळ्यांचा पिंजरा आणि आवाज थांबवणारे डॅम्पर हातोड्यांच्या वर असतील, तर मालकांना नमस्कार करून परत या. ही जुनी युरोपी धाटणी. आवाज नीट दबत नाही आणि दुरुस्ती जिवावर येते. खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरक्या जाव्यात, चौकट पूर्ण लोखंडी असावी. हातोड्यांच्या नमद्यावर (फेल्टवर) तारांच्या खाचा असणारच. वरच्या सप्तकात नमदा झिजून लाकूड डोकावत असेल तर हातोडे बदलायचा खर्च धरा. तळाशी बारीक भुसा, कसरीनं कुरतडलेला नमदा, उंदराचं घरटं, वाळवीच्या मातीच्या रेघा बघा. वाळवी दिसली तर पियानो घरात आणूच नका, तुमचं बाकीचं फर्निचर धोक्यात येईल.

शेवटी ८८ च्या ८८ पट्ट्या एकेक करून, हळू आणि जोरात, दोन्ही तऱ्हांनी वाजवा. एवढं सगळं ठीक वाटलं तर मालकाशी संबंध नसलेला ट्यूनर पैसे देऊन घेऊन जा. खुंटीवर किल्ली फिरवताना हाताला लागणारा अडसर त्यालाच कळतो. ६० हजारांत वाहतूक आणि निदान दोन ट्यूनिंग मिळवूनच हिशेब करा. उभा पियानो २०० किलोच्या पुढे जातो, तेव्हा ओळखीचा टेम्पोवाला आणि दोन पोरं यावर भागवू नका. घरी आल्यावर तीन आठवडे तसाच ठेवा, मग सूर लावा.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, पियानोच्या पहिल्या ग्रेडच्या परीक्षेची तयारी करते. म्हापशात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. डिजिटल पियानो घेतला तर हात बिघडेल का?
— एक आई

उत्तर : ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर बिघडेल. ८८ पट्ट्यांच्या, खऱ्या पियानोसारखं वजन देणारी हॅमर अ‍ॅक्शन असलेल्या डिजिटलवर नाही. ४० ते ६० हजारांत असा मिळतो. ‘टच सेन्सिटिव्ह’ एवढ्यावर भुलू नका. त्याचा अर्थ जोरात दाबलं तर आवाज मोठा, इतकाच. पट्टीला वजन असेलच असं नाही. दुकानात आवाज पूर्ण बंद करून वाजवून बघा, खर्जाच्या पट्ट्या वरच्यांपेक्षा किंचित जड लागायला हव्यात. सोबत येणारा चपटा प्लॅस्टिकचा पेडल-स्विच सरकत राहतो, पियानोसारखा धातूचा पेडल वेगळा घ्या. स्टँड डुलणारा नको. पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ सेंटीमीटरवर याव्यात आणि स्टूल उंची बदलता येणारं असावं, नाहीतर आठ वर्षांच्या मुलीचे खांदे कानाला लागतात.

वरच्या ग्रेडना, हलक्या स्पर्शाच्या छटा मागितल्या जातात तेव्हा, खऱ्या पियानोचा विचार करा. तोवर घाई नाही. पावसात गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा.

प्रश्न : दोनापावलाला समुद्राजवळ राहतो. जुलैत पट्ट्या दाबल्या की खालीच राहतात. खोबरेल तेलाचा थेंब सोडावा का? की आत दिवा लावावा?

उत्तर : तेल अजिबात नको. नमदा ते पितो, आणखी फुगतो, आणि तेल खुंट्यांपर्यंत झिरपलं तर पियानो सुरात राहणं संपलं. अडकलेली पट्टी किंचित बाजूला हलवून बघा. तिथेच घासत असेल तर पट्टीखालच्या पिनेभोवतीचा नमदा फुगलाय. ट्यूनर चिमट्यानं दाबून तो मोकळा करतो. पट्टी वर येते पण हातोडा रेंगाळतो, तर दोष अ‍ॅक्शनच्या, म्हणजे पट्टी आणि हातोडा जोडणाऱ्या यंत्रणेच्या, सांध्यांत आहे.

दिवा जुन्या घरांत लावत, पण तो एकाच जागी तापतो आणि लाकडाजवळ धोका आहे. त्याऐवजी पियानोच्या खालच्या भागात बसवायचा हीटर रॉड घ्या, तोही आर्द्रता बघून आपोआप चालू-बंद करणाऱ्या ह्युमिडिस्टॅटसकट. हवा थोडी गरम झाली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. ह्युमिडिस्टॅट नसेल तर रॉड जानेवारीतही चालू राहतो आणि लाकूड तडकतं. पियानोला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत ती ८० च्या वरच असते. छोटा आर्द्रतामापक पियानोवर ठेवा. पियानो चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ती भिंत पाणी धरते. मध्ये वीतभर जागा सोडा. रात्री ए.सी. आणि दिवसा खिडक्या उघड्या, असं रोज केलं तर बंद खोलीपेक्षा वाईट.

पावसात साउंडबोर्ड फुगून वर येतो, तारा ताणल्या जातात आणि मधलं सप्तक चढतं. म्हणून जुलैत ट्यूनरला बोलावू नका. वर्षातून एकदाच जमत असेल तर डिसेंबरात करून घ्या.

प्रश्न : घरी भजनाची साथ काळी दोनमध्ये असते. पियानो त्या पट्टीत लावून मिळेल?

उत्तर : खरा पियानो तसा लावत नाहीत, तीन अर्धस्वर वर ओढला तर तारा तुटतील. त्याच्यावर काळी दोन हा सा धरून बोटं बदलावी लागतात. डिजिटलवर ट्रान्सपोज (सगळे स्वर सरकवायची सोय) +३ केलं की पांढरी एकवर बोट ठेवून काळी दोन वाजते. शुद्ध गंधार तंबोऱ्यावरच्या गंधारापेक्षा चढा लागेल, सुमारे १४ सेंटनं (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). तो सप्तकाच्या बारा समान भागांत केलेल्या विभागणीचा गुण आहे, वाद्य बिघडलेलं नाही. भजन संपलं की ट्रान्सपोज शून्यावर आणा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मुलगी अख्खा धडा चुकीच्या पट्टीत वाजवेल.