चित्रकला येत नाही, तरी इंटरफेस डिझाइन जमेल का?

प्रश्न : मी सोलापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यूजर इंटरफेस (अ‍ॅप किंवा वेबसाइटची, माणूस हाताळतो ती स्क्रीन) हा विषय मनापासून आवडतो, पण वर्गात नियम पाठ करण्यापलीकडे काही होत नाही. चित्रकलेत मी कच्ची आहे. कोडिंग सोडून या क्षेत्रात यावं का?

उत्तर : कोडिंग अजिबात सोडू नकोस. चित्रकलेचं म्हणशील, तर कागदावर चौकोन आणि बाण काढता आले तरी सुरुवातीला भागतं. खरं अवघड आहे ते आपलं स्क्रीन दुसरा कुणी वापरत असताना गप्प बसून बघणं.

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांची इंटरफेस डिझाइनची १९९४ मधली दहा तत्त्वं तू पाठ केली असशील. ती चांगलीच आहेत, पण त्यांचा अर्थ माणसं बघितल्याशिवाय उमगत नाही. म्हणून ग्रंथालयात पुस्तक राखून ठेवायच्या अ‍ॅपची चार स्क्रीन कागदावर काढ आणि पाच जणांपुढे ठेव. ग्रंथालयातले काका, पहिल्या वर्षाची एखादी मुलगी, तुझी आई, कुणीही चालेल. "हे पुस्तक शनिवारपर्यंत राखून ठेवा," एवढंच सांग. बोट कुठे अडखळतं ते टिपून घे. मदत करू नकोस. हे फार जड जातं, "अहो, बटण खाली आहे!" असं न राहवून बोलून जाणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. पाच जणांत बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात, असं नील्सनच सांगतात. त्या दुरुस्त कर आणि नवे पाच जण गाठ.

कोडिंगचा उपयोग इथेच होतो. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ओळीची उंची ठरवली की मराठीतल्या वेलांट्या, रफार आणि उकार कापले जातात. फिकट करड्या अक्षरांचं पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा. या गोष्टी तू स्वतः तपासून स्वतःच सुधारू शकतेस.

पुढे शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइनचं एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) आहे. त्यासाठीची सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षात देता येते. तिच्यात मात्र रेखाटन असतं, तेव्हा आजपासून रोज अर्धा तास हात चालव.

पोर्टफोलिओत, म्हणजे तुझ्या कामाच्या नमुन्यांच्या संग्रहात, नुसती देखणी स्क्रीन लावू नकोस. पहिला कागद, कोण कुठे अडलं आणि मग तू काय बदललंस, हे दाखव. आणि तुमच्या सरांना भेटून एक प्रॅक्टिकल या प्रयोगासाठी मागून घे. पाच जणांना वर्गात आणायची जबाबदारी तू उचल.